‘योगायोग’ : अर्थ आणि उपयोजन

‘योगायोग’ हा शब्द मराठी वाचकाला इतका परिचित आहे की त्याचा अर्थ कोशात पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. दोन परस्परनिरपेक्ष गोष्टी एकत्र आल्या आणि त्या एकत्र येण्याचे आश्चर्य वाटले, की आपण ‘योगायोग’ म्हणतो. हा शब्द दुसऱ्या एखाद्या भारतीय भाषेशेजारी येऊन बसला म्हणजे मात्र अडचण निर्माण होते. बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या व्हाइटफील्डसारख्या वसाहतीत असे शेजार नित्याचे असतात. गेल्या तीसएक वर्षांत संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने तेथे मराठी, बंगाली, गुजराती, तेलुगू, मल्याळी आणि हिंदी भाषक कुटुंबे कन्नड भूमीवर एकत्र राहू लागली आहेत. तेथे मराठी माणूस शेजाऱ्याला ‘काय योगायोग!’ असे म्हणतो, त्या वेळी बंगाली शेजाऱ्याच्या कानावर त्याच्याच भाषेतला ‘जोगाजोग’ हा शब्द पडतो. त्याच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ संपर्क, संबंध किंवा दळणवळण असा असतो. ‘अमुक पत्त्यावर जोगाजोग करावा’ हे बंगालीतील अगदी व्यवहारातले वाक्य आहे. ओडिया आणि असमिया या भाषांतही हाच अर्थ रूढ आहे. बांगलादेशात दळणवळण खात्याच्या मंत्रालयाला दीर्घकाळ ‘योगायोग मंत्रालय’ असे नाव होते. योगायोगाचा कारभार पाहणारे एखादे मंत्रालय असावे, ही कल्पना मराठी वाचकाला काही वेळ तरी मोहात पाडील.

भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास करणाराने अशा शब्दांपाशी थांबणे आवश्यक आहे. तत्सम शब्द म्हणजे भारतीय भाषांमधील सामाईक ठेव, अशी आपली समजूत असते आणि ती बहुतांशी खरीही आहे. परंतु या ठेवीतील नाणे प्रत्येक प्रदेशात त्याच किमतीला चालते असे नाही. ‘योगायोग’ या नाण्याची मराठीतील किंमत कोणती आणि ती कशी ठरते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाची घटना सोपी दिसते, पण ती दुहेरी आहे. ‘योग’ आणि ‘अयोग’ यांचा संधी केला तरी ‘योगायोग’ होतो आणि ‘योग’ व ‘आयोग’ यांचा केला तरीही तोच शब्द सिद्ध होतो. पहिली फोड ग्राह्य मानली तर हा शब्द शुभाशुभ, बलाबल, लाभालाभ, कार्याकार्य यांच्या पंक्तीत बसतो. या जातीच्या समासांत होकार आणि नकार एकाच वेळी उभे केलेले असतात. ‘बलाबल पाहणे’ म्हणजे बळ आहे की नाही हे पाहणे; म्हणजे तेथे एक प्रश्न गृहीत असतो. त्या न्यायाने ‘योगायोग’ म्हणजे योग आहे की नाही, जुळते की जुळत नाही, हा प्रश्न. दुसऱ्या फोडीत नकार राहत नाही. जोडण्याची क्रिया तेवढी दुणावते. बंगालीतील अर्थ दुसऱ्या फोडीला जवळचा आहे. मराठीतील अर्थ पहिलीला जवळचा आहे असे मला वाटते. व्युत्पत्तीचा पुरावा याला निर्णायक नाही. आधार आहे तो वापराचा, आणि तो पुढे येईलच. गुजराती भाषेने याच प्रसंगासाठी ‘योगानुयोग’ हे रूप पत्करले आहे. त्यात एका योगामागून दुसरा योग येतो, नकाराचा संशयही उरत नाही.

या सर्व शब्दांच्या मुळाशी असलेला ‘योग’ मराठी माणसाच्या घरात तत्त्वज्ञानाच्या मार्गाने आला त्यापेक्षा पंचांगाच्या मार्गाने अधिक आला. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. त्यांतील तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्या अंतरावरून ठरते, तर योग हा त्या दोघांच्या भोगांशांच्या बेरजेवरून. विष्कंभापासून वैधृतीपर्यंत असे सत्तावीस योग आहेत आणि प्रत्येक योग १३ अंश २० कलांचा असतो. अर्थात हा योग केवळ गणिताचा विषय आहे. त्यात अकल्पित असे काहीच नाही. पुढील वर्षीचा व्यतीपात कोणत्या घटकेला लागेल हे आजच सांगता येते.

मराठीतील दुर्मिळ योगायोगाची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा या गणितातूनच आली आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. ‘कपिलाषष्ठीचा योग’ असे आपण म्हणतो. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात योग आणि सूर्य हस्त नक्षत्रात, अशा पाच गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कपिलाषष्ठी होते. साठ वर्षांनी एकदा येणारा योग अशी तिची लौकिक ख्याती आहे. पाच स्वतंत्र गोष्टींची गाठ पडते म्हणून हा योग दुर्मिळ, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु थोडे गणित केले तर निराळेच चित्र दिसते. हस्त नक्षत्र १६० अंशांपासून १७३ अंश २० कलांपर्यंत पसरलेले आहे. समजा, सूर्य १६७ अंशांवर आहे आणि वद्य षष्ठी चालू आहे; म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे २४० ते २५२ अंशांच्या दरम्यान, धरून चालू २४४ अंशांवर आहे. मग चंद्र ५१ अंशांवर आला, आणि ते रोहिणीचेच क्षेत्र आहे. दोघांची बेरीज २१८ अंश झाली, आणि व्यतीपात २१३ अंश २० कलांपासून २२६ अंश ४० कलांपर्यंत असतो. तात्पर्य, सूर्य हस्तात आणि तिथी वद्य षष्ठी एवढे जमले की रोहिणी आणि व्यतीपात जवळजवळ हात जोडून उभेच असतात. सूर्यचंद्रांशी ज्याचे काही नाते नाही असा एक वारच काय तो स्वतंत्र आहे. पाच पाहुणे निरनिराळ्या गावांहून आले असे वाटावे आणि त्यांतील चौघे एकाच गाडीतून उतरलेले असावेत, असा हा प्रकार आहे. ज्याला आपण योगायोग म्हणतो त्यात अदृश्य कारणसंबंध किती असतो, याचे इतके चांगले उदाहरण शोधूनही मिळाले नसते. हे उदाहरण भाषेनेच वाक्प्रचार करून ठेवले आहे.

आता वापराकडे वळू. मराठीत ‘योग’ आणि ‘योगायोग’ हे शब्द एकमेकांच्या जागी येतात असे वरवर पाहता वाटते. ‘त्यांची भेट झाली, हा योग’ आणि ‘त्यांची भेट झाली, हा योगायोग’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु वाक्य नकारार्थी करून पाहावे. ‘भेटीचा योग नव्हता’ असे म्हटले की भेट झाली नाही, आणि ती न होण्याचे संपूर्ण स्पष्टीकरणही दिले गेले. त्यापुढे कोणी ‘का?’ असे विचारीत नाही. ‘ही भेट म्हणजे योगायोग नव्हता’ असे म्हटले की भेट झाली, आणि ती कोणीतरी घडवून आणली होती. एका नकाराने दैव पुढे येते, दुसऱ्याने माणसाचा हेतू उघडा पडतो. दोन शब्द समानार्थी असते तर त्यांचे नकार असे विरुद्ध दिशांना गेले नसते.

भविष्यकाळाची कसोटीही अशीच निर्णायक आहे. ‘पुढच्या वर्षी पंढरीचा योग येईल’ हे वाक्य कोणीही बोलेल. ‘पुढच्या वर्षी योगायोग येईल’ असे मात्र कोणी म्हणणार नाही. योगाची वाट पाहता येते. तो यावा म्हणून नवस बोलता येतो, तो जुळून येतो, साधता येतो आणि हुकतोही. विवाहयोग, प्रवासयोग, धनयोग असे त्याचे प्रकार पत्रिकेत मांडता येतात. योगायोग मात्र घडून गेल्यावरच ओळखू येतो. शिवाय योग हा कोणाचा तरी असतो. ‘माझ्या नशिबी तो योग नव्हता’ या वाक्यात त्याची मालकी स्पष्ट आहे. योगायोग कोणाचाच नसतो. तो दोन घटनांच्या दरम्यान असतो आणि माणूस त्याचा केवळ साक्षी असतो.

म्हणून, अर्थपूर्ण भासणाऱ्या घटनासंयोगासाठी मराठीतील शब्द कोणता, या प्रश्नाला ‘योगायोग’ हे सरळ उत्तर देता येत नाही. अर्थाची ग्वाही देणारा शब्द ‘योग’ हा आहे. ‘योगायोग’ ग्वाही देत नाही. तो प्रश्न तसाच ठेवतो आणि निर्णय विशेषणावर किंवा स्वरावर सोपवितो. ‘विलक्षण योगायोग’ म्हटले की पारडे अर्थाकडे झुकते. ‘केवळ’ किंवा ‘निव्वळ’ हे शब्द मागे लागले की ते अर्थशून्यतेकडे झुकते. ‘काय योगायोग आहे पाहा!’ यातील विस्मय श्रोत्यालाही विचारात पाडू इच्छितो. याउलट ‘योगायोगाने’ हे तृतीयेचे रूप क्रियाविशेषण बनून इतके झिजले आहे की त्यात विस्मय जवळजवळ उरलेला नाही. ‘योगायोगाने खिशात सुटे पैसे होते’ यात ना दैव, ना आश्चर्य. त्या तुलनेने ‘कर्मधर्मसंयोगाने’ या जुन्या शब्दात थोडासा उपरोध तरी शिल्लक आहे. अलीकडे याच जागी ‘अपघाताने’ असे लिहिण्याची प्रथा पडू लागली आहे. ‘तो अपघाताने लेखक झाला’ यासारख्या वाक्यात वाचकाला प्रथम इस्पितळ आठवते. ही इंग्रजीची नक्कल टाळावी हे बरे.

समीक्षेच्या भाषेत ‘योगायोग’ हा शब्द दोषवाचक झाला आहे. ‘कथानक योगायोगांवर उभे आहे’ असे म्हटले की लेखकाने कारणपरंपरा बांधण्याचे श्रम टाळले, असा आरोप असतो. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या कादंबरीपासून पुढे जी अद्‍भुतरम्य कादंबरी मराठीत बहरली, तिच्याविषयी वास्तववादी समीक्षकांची हीच तक्रार होती. लेखकांनीही यावर एक तोड काढली आहे. ‘योगायोगाची गोष्ट अशी की’ हे शब्द निवेदक वापरतो तेव्हा ‘हे असंभाव्य वाटेल याची मला जाणीव आहे’ असा कबुलीजबाब तो आधीच देऊन टाकतो. कादंबरीच्या आणि चित्रपटाच्या आरंभी जी सूचना असते तिचा येथे उल्लेख करावयास हवा. पात्रांचे जिवंत वा मृत व्यक्तींशी साम्य आढळल्यास ‘तो निव्वळ योगायोग समजावा’ असे तीत म्हटलेले असते. यातील ‘समजावा’ हे विध्यर्थी रूप मोठे मार्मिक आहे. साम्य योगायोगाचे आहे असे सूचना सांगत नाही. तसे आपण समजावे अशी आज्ञा करते. वर्तमानपत्री गद्यात याच्या नेमके उलट घडते. ‘हा निव्वळ योगायोग म्हणावा काय?’ असा प्रश्न टाकून अनेक लेखक पुराव्याविना एखाद्यावर ठपका ठेवून मोकळे होतात. शब्दात मुळातच असलेल्या प्रश्नचिन्हाचा हा गैरवापर होय.

संस्कृतात या कल्पनेसाठी निराळी प्रतिमा आहे. पाणिनीच्या पाचव्या अध्यायातील तिसऱ्या पादाच्या १०६ व्या सूत्रावर भाष्यकारांनी आणि वृत्तिकारांनी ‘काकतालीय’ या शब्दाची चर्चा केली आहे. कावळ्याचे येणे आणि ताडाचे फळ पडणे एकाच क्षणी घडले व त्या फळाने कावळा मेला; त्याचप्रमाणे एखादा मनुष्य वाटेने जात असता नेमका चोर तेथे आला आणि त्याने त्याला मारले. अतर्कितपणे घडणारी आणि विस्मय उत्पन्न करणारी घटना, असा या शब्दाचा आशय आहे. योगवासिष्ठात तर विश्वाच्या प्रतीतीच्या विवेचनातही ही उपमा पुनःपुन्हा येते. दुसरी एक प्रतिमा घुणाक्षरन्यायाची आहे. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेने एखादे अक्षर उमटते. किड्याला लिहिता येत नाही, तरी वाचणाराला वाचता येते. अर्थ किड्याजवळ नाही. मग तो लाकडात आहे की डोळ्यात, हा प्रश्न या न्यायाने किती थोडक्यात उभा केला आहे! व्हाइटफील्ड हे नाव अशाच घुणाक्षराचा नमुना आहे. नावावरून ‘गोऱ्यांचे शेत’ असा अर्थ निघतो, आणि ही वसाहत खरोखरच युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाने शेती करावी या हेतूने वसविली गेली होती. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी तीसाठी जमीन दिली. परंतु हे नाव रंगावरून आलेले नाही. त्या समाजाच्या संघटनेचे नेते डी. एस. व्हाइट यांच्या आडनावावरून ते पडले. नाव अन्वर्थक ठरले, पण अर्थ पाहून ठेवलेले नव्हते.

‘काकतालीय’ हा शब्द कन्नडमध्ये ‘काकताळीय’ या रूपाने आजही वर्तमानपत्राच्या भाषेत सर्रास वापरला जातो. बंगालीतही योगायोगाच्या मराठी अर्थासाठी ‘काकतालीय’ हाच शब्द चालतो. तेलुगू व मल्याळम यांनी ‘यादृच्छिक’ या शब्दावर भर दिला आहे. त्याच्या मुळाशी असलेली ‘यदृच्छा’ श्वेताश्वतर उपनिषदाने काल, स्वभाव आणि नियती यांच्याबरोबर जगत्कारणाच्या विचारात मांडली होती. तमिळमधील ‘तऱ्चेयल्’ या देशी शब्दात ‘आपोआप घडलेली कृती’ अशी सुटसुटीत कल्पना आहे.

मराठीत मात्र ‘काकतालीय’ पंडितांपुरता राहिला आणि त्याची जागा म्हणीने घेतली: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. कावळा तोच आहे, पण बाकी सारे बदलले आहे. संस्कृत उदाहरणात कावळा मरतो आणि पाहणारा चकित होतो. मराठी म्हणीत कावळा जिवंत राहतो, पण त्याच्यावर फांदी मोडल्याचा आळ येतो. संस्कृत न्यायाचा विषय विस्मय हा आहे. मराठी म्हणीचा विषय आळ हा आहे. ही म्हण आपण कोणाला तरी निर्दोष ठरविण्यासाठी वापरतो. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात आर्गोस येथील मिटिसच्या पुतळ्याची गोष्ट दिली आहे. तो पुतळा मिटिसच्या खुन्यावरच कोसळला आणि खुनी मेला. ज्या आकस्मिक घटनांत हेतू असल्याचा भास होतो त्या सर्वांत अधिक आश्चर्यकारक वाटतात, असे त्याचे म्हणणे होते. ताडफळ आणि पुतळा यांची पडण्याची क्रिया एकच. पण पुतळा अपराध्यावर पडतो आणि फळ निरपराध कावळ्यावर. म्हणून एकात नाट्य दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. मराठी म्हण या दोघांच्या पलीकडे जाऊन विचारते, की तेथे असणाऱ्याला अपराधी कोणी ठरविले?

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. मराठीत अर्थपूर्ण समजल्या जाणाऱ्या योगायोगासाठी आणखी एक शब्द आहे आणि तो ‘योग’ या शब्दाइतका निरुपद्रवी नाही. तो शब्द ‘पायगुण’. घरात नवी सून आली आणि त्याच सुमारास घरधन्याला बढती मिळाली, तर तो तिचा पायगुण. याउलट त्याच महिन्यात कोणी दगावले, तर तोही तिचाच पायगुण. मग ती ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. येथे काळाच्या निकटतेला कारण मानलेले असते आणि ते कारण एका व्यक्तीच्या शरीरात ठेवलेले असते. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ‘योग’ येतो, जुळतो, हुकतो. ‘पायगुण’ मात्र असतो. तो घटना न राहता गुणधर्म होतो, आणि गुणधर्म चिकटला की सुटत नाही. या शब्दाखाली किती विधवांची आणि किती सुनांची आयुष्ये दडपली गेली याची कल्पना मराठी कादंबरीच्या वाचकाला देण्याची गरज नाही. पुरुषाच्या वाट्याला येणारा समांतर शब्द ‘हातगुण’ हा आहे. वैद्याच्या हाताला गुण आहे असे आपण म्हणतो. त्याच्या हातून रोगी दगावला तरी ‘काळ्या हाताचा’ असा शब्द भाषेने तयार केला नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

हे दोन्ही शब्द कन्नडमध्ये जसेच्या तसे आहेत. ‘कालु’ म्हणजे पाय, म्हणून पायगुणाला ‘काल्गुण’. ‘कै’ म्हणजे हात, म्हणून हातगुणाला ‘कैगुण’. विवाहाची वेळ जुळून आली म्हणजे कन्नड माणूस ‘कंकणबल कूडि बंतु’ असे म्हणतो, आणि ‘कूडि बरु’ हे क्रियापद आपल्या ‘जुळून येणे’ याचा सख्खा भाऊ शोभेल. कोणी कोणाकडून घेतले हे सांगण्याची घाई करू नये. इतकी शतके जवळ राहिलेल्या भाषांमध्ये देण्याघेण्याचा हिशेब एका बाजूने लिहिता येत नाही. कन्नड न जाणणारा मराठी माणूस व्हाइटफील्डच्या बाजारात ‘काल्गुण’ ऐकतो तेव्हा त्याला तो ‘काळाचा गुण’ वाटतो. व्युत्पत्ती म्हणून हे चूक आहे. सुनेच्या दृष्टीने मात्र ती चूकच अधिक न्याय्य ठरली असती, कारण मग दोष तिच्या पायांवर न येता काळावर गेला असता.

पाश्चात्त्य विचारातील संज्ञांसाठी मराठी प्रतिशब्द शोधताना हा सगळा तपशील उपयोगी पडतो. कार्ल युंग यांनी १९५२ साली, वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञाच्या निबंधासह एकाच ग्रंथात, ‘सिंक्रॉनिसिटी’ या संकल्पनेवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मनातील एखादी अवस्था आणि बाहेरील एखादी घटना यांच्यात कारणसंबंध नसताना अर्थाचा संबंध दिसणे, असा त्या संज्ञेचा थोडक्यात आशय आहे. तिच्यासाठी ‘समकालिकता’ हा शब्द कोणाला सुचणे स्वाभाविक आहे, पण तो दोन कारणांनी अडचणीचा आहे. सोस्यूरनंतरच्या भाषाविज्ञानात भाषेच्या एका काळातील अभ्यासासाठी समकालिक, एककालिक या जातीचे शब्द आधीच गुंतलेले आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. युंग यांनी एकाच वेळी घडणे आणि अर्थाने जुळणे यांत स्वतःच फरक केला होता आणि पुढे घडावयाच्या घटनेची आधी लागणारी चाहूलही त्यांनी या संकल्पनेत घेतली होती. तेव्हा काळ हा तिचा गाभा नाही.

मग ‘योग’ म्हणावे काय? मोह होतो खरा. त्याच प्रबंधात युंग यांनी विवाहित जोडप्यांच्या पत्रिकांची पाहणी केली आहे आणि सूर्यचंद्रांच्या युतीला तीत विशेष स्थान आहे. १८०, २२० आणि ८३ अशा तीन गटांत एकूण ४८३ जोडप्यांच्या पत्रिका त्यांनी तपासल्या. प्रत्येक गटात चंद्राशी संबंधित कोणती तरी युती पुढे आली. परंतु सर्व आकडे एकत्र केल्यावर ते यदृच्छेने पडणाऱ्या आकड्यांपलीकडे गेले नाहीत, आणि हे युंग यांनीही मान्य केले. आपल्याकडे पत्रिका जुळविणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र एकूण बेरजेचा भाग त्यांना आवडेल असे वाटत नाही. ‘योग’ हा शब्द योजला तर युंग यांनी जे सिद्ध करण्याचा यत्न केला ते सिद्ध झाल्यासारखेच होईल, कारण आपल्या भाषेत योगाला पुरावा लागत नाही. माझ्या मते ‘सार्थ योगायोग’ हा शब्दप्रयोग सुरक्षित होय. त्यात ‘योगायोग’ शंका शाबूत ठेवतो आणि ‘सार्थ’ हे विशेषण त्या शंकेवर बोलणाराने केलेला दावा म्हणून स्वतंत्रपणे ओळखू येते.

शेवटी पुन्हा बंगालीकडे वळावे लागते, कारण याच नावाची रवींद्रनाथांची एक कादंबरी आहे. ‘विचित्रा’ या मासिकात १९२७ पासून ती ‘तीन पुरुष’ (म्हणजे तीन पिढ्या) या नावाने प्रसिद्ध होऊ लागली. पुढे लेखकाने ते नाव बदलून ‘जोगाजोग’ असे केले आणि १९२९ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. सुप्रिया चौधुरी यांनी तिच्या इंग्रजी अनुवादाला नातेसंबंध या अर्थाचे नाव दिले आहे. मराठी अनुवादकाला शीर्षक बदलण्याचे कारणच दिसत नाही, कारण अक्षरे तीच आहेत. पण तसे केले की मराठी वाचक पहिल्या पानापासून आकस्मिक घटनांची वाट पाहू लागणार, आणि कादंबरी तर एका विसंगत विवाहाची आहे. चॅटर्जी आणि घोषाल या घराण्यांचे जुने वैर आहे. घोषालांचा मधुसूदन व्यापारात श्रीमंत होतो आणि चॅटर्जींचीच मुलगी हवी असा हट्ट धरतो. ती मुलगी म्हणजे कुमुदिनी. ती भाविक आहे. शुभशकुनांवर तिचा विश्वास आहे, आणि आलेले स्थळ देवानेच पाठविले असे समजून ती होकार देते. तिच्या दृष्टीने तो योग आहे. मधुसूदनाच्या दृष्टीने तो बेत आहे. दोघांच्या मधोमध मराठीतला ‘योगायोग’ त्याच्या प्रश्नचिन्हासह चपखल बसतो, आणि तरीही शीर्षक म्हणून तो फसवा आहे. कारण बंगाली शब्दात जो दोन माणसांचा जोडला जाण्याचा अर्थ आहे तो मराठी शब्दात ऐकू येत नाही.

या जागी एक साधा देशी शब्द सुचवावासा वाटतो. ‘गाठ’ म्हणजे दोरीची गाठ. तोच शब्द गाठभेटीत, लग्नगाठीत आणि ‘गाठ माझ्याशी आहे’ या धमकीतही येतो. कावळ्याची आणि फांदीची जी पडली, तिलाही मराठीने गाठच म्हटले आहे.